तीन आण्यांचा हिशेब

चलन आणि बँकांचा इतिहास सांगणाऱ्या छोट्याशा संग्रहालयात सारा पैसा काचेआड असतो, तो नुसता पाहायचा असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. माझ्या पगाराचेही तेच होत असल्यामुळे तिथे मला घरच्यासारखे वाटेल, अशी माझी समजूत होती. मात्र सोबत भाचा होता आणि त्याला शाळेत नुकतेच अपूर्णांक शिकवले होते.

अडीच हजार वर्षांपूर्वीची आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी मी, फलक चोरून वाचत, मोठ्या अधिकाराने समजावली. शेरशहा सुरीचा साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपयाही निभावला. घात केला तो आण्यांनी. पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, हे मी ऐटीत सांगून टाकले.

"मग एका आण्याचे सव्वासहा पैसे. वरचा पाव पैसा कसा द्यायचे?"

त्या वेळचा तक्ता समोरच होता, हे माझे दुर्दैव. एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि तीन आण्यांना १९ नवे पैसे. भाच्याने बोटांवर हिशेब केला आणि संग्रहालयभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "मामा, तीन आणे एकदम मोडले तर १९ आणि एकेक करून मोडले तर १८! एक पैसा गेला कुठे?"

दोन गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तो माझ्याच खिशात होता.

बँकांच्या दालनातून मी त्याला ओढतच नेले. बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन बँकांची १९२१ मध्ये एक इम्पीरियल बँक झाली आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली, हे मी सांगितलेच नाही. तीन बँका एक होताना काय बुडाले, हा प्रश्न ठरलेलाच होता. त्याऐवजी दहा हजारांची नोट दाखवली. ती १९४६ आणि १९७८ अशी दोनदा रद्द झाली आणि दोन्ही वेळा आपल्या घराण्याचे एका पैचेही नुकसान झाले नाही, हे मी अभिमानाने नमूद केले.

बाहेर पडल्यावर, परीक्षेचे कबूल केलेले बक्षीस तीन हप्त्यांत देण्याचा विचार मी हळूच बोलून दाखवला.

"नको मामा," तो म्हणाला, "एकदमच दे."