केंद्राला एक लिपिक द्या

परवा दुसरीतली एक मुलगी वाचत होती. 'पुस्तक' शब्दापाशी अडली. 'स्त'वर बोट ठेवून ओठातल्या ओठात जुळवत होती. आता येणार, एवढ्यात ग्रुपवर मेसेज: 'अत्यंत तातडीचे. 12 वाजेपर्यंत माहिती भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.' वर्गात रेंज नाही म्हणून मी फोन घेऊन ओट्यावर गेले. परत येईपर्यंत तिनं पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं होतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. वर्ग चार, आम्ही दोघं. लिपिक नाही, शिपाई नाही. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. 2024 मध्ये राज्य शासनानं शैक्षणिक-अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. निवडणुकीला आमची ना नाही. ते देशाचं काम आहे. (बीएलओचं, म्हणजे मतदार यादी सांभाळायचं काम मात्र वर्षभर पुरतं, तो वेगळाच विषय.) पण आमचा दिवस खातं ते काम शाळेचंच म्हणून धरलं जातं. यू-डायस आणि सरल ही शाळेची-मुलांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, अपार हा प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक, वर पोषण आहाराची रोजची नोंद. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. आज किती जेवले, किती शिल्लक, डाळ किती, तेल किती. मुलं जेवली पाहिजेत आणि हिशेबही चोख हवा. पण तो लिहिणारा माणूस आणि शिकवणारा माणूस एकच का?

सगळ्यात जीव जातो तो आधारमध्ये. नावात एक अक्षर चुकलं की मिसमॅच. दुरुस्ती करायची तर पालक हवेत, आणि आमच्याकडे दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला, पार कोल्हापूर-सांगलीकडे. पोर आजीजवळ. आजीला जन्मतारीख विचारली तर सांगते, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झालाय बघा, बाई." मग आम्हीच तालुक्याच्या आधार केंद्रावर खेटे घालतो. न घालून चालत नाही, कारण आधार जुळलं नाही तर तो मुलगा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या मोजणीत, धरला जात नाही, आणि पट घटला की शिक्षकाचं पदच जातं. मुलगा मात्र रोज माझ्यासमोर बसलेला असतो!

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक लिपिक द्या, ऑनलाइन कामाची जाण असलेला. केंद्रातल्या सगळ्या शाळांची माहिती त्यानं भरावी. आम्ही महिन्यातून एकदा कागद तपासून सही करू. पोर्टलवर एकदा भरलेली माहिती पुन्हा एक्सेलमध्ये मागू नका. आणि शाळा भरलेली असताना 'तातडीचे' पाठवू नका. शाळा सुटल्यावर पाठवा, रात्री बसून भरीन.

त्या मुलीला काल पुन्हा जवळ बसवलं. फोन सरांच्या टेबलावर ठेवला होता. 'पुस्तक' वाचलं तिनं, मग 'मस्त', मग 'रस्ता'.