आतड्याचा आजार आणि पहाटेची पाठदुखी : एका संदेशाला उत्तर

कोल्हापुरात आतड्याच्या सुजेच्या रुग्णांमध्ये एक संदेश हातोहात फिरतो आहे. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पाठ दुखते ती गॅसमुळे व अशक्तपणामुळे, विश्रांती घ्यावी, पोट शांत झाले की पाठही थांबते, एक्स-रे आणि एचएलए-बी२७ (कण्याच्या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी) नॉर्मल असतील तर संधिवाताची शंका सोडावी आणि तोवर वेदनाशामक गोळी चालते, असे त्यात म्हटले आहे. माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, आणि यांतल्या प्रत्येक वाक्यावर आमच्या घराने कधी ना कधी विश्वास ठेवला होता.

विश्रांतीचेच घ्या. भाऊ उद्यमनगरात फाउंड्रीत काम करतो, म्हणून आम्ही पाठदुखीचे खापर वजन उचलण्यावर फोडले. पण सुट्टीच्या दिवशी पडून राहिला की त्याची पाठ अधिकच धरायची. पहाटे चारला कधी उजव्या, कधी डाव्या नितंबात दुखून जाग यायची. खिडकीचा गज धरून तो उठायचा, बूट घालायला वाकेपर्यंत पाऊण तास जायचा आणि रंकाळ्याला फेरी मारून आला की मोकळा व्हायचा. भाराने दुखावलेली पाठ सहसा विश्रांतीने निवते, सुजेची, म्हणजे कण्याच्या संधिवाताची पाठ उलट वागते. चाळिशीच्या आत सुरुवात, हळूहळू वाढ, हालचालीने आराम, विश्रांतीने आराम नसणे आणि रात्री दुखून उठल्यावर बरे वाटणे, या पाचांपैकी चार खुणा असतील तर ती सुजेची पाठदुखी मानावी, असे 'आसास' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००९ मध्ये मांडले. आतड्याचा आजार असताना असे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

पोटाबरोबर पाठ थांबते, हे गुडघ्या-घोट्यासारख्या मोजक्या मोठ्या सांध्यांच्या सुजेबाबत बरेचसे खरे आहे. कण्याची सूज मात्र आपल्या गतीने चालते. शौचातले रक्त थांबल्यावरही ती धुमसत राहू शकते, आणि काहींची पाठ तर आतड्याचे निदान होण्याच्या आधीपासून दुखत असते.

तपासण्यांचा दावा सर्वांत घातक आहे. आतड्याच्या आजारासोबतच्या कण्याच्या सुजेत एचएलए-बी२७ नसलेले रुग्ण पुष्कळ असतात, आणि एक्स-रेमध्ये बदल उमटायला अनेक वर्षे जातात. हाडाच्या आतली सूज त्याआधी एमआरआयमध्ये दिसू शकते, पण तो योग्य जागेचा हवा. भावाचा पहिला एमआरआय चकती सरकली का, हे पाहण्यासाठी फक्त कमरेच्या मणक्यांचा झाला होता; कणा आणि कटीचे हाड जोडणारे सॅक्रोइलियाक सांधे, जिथे हा आजार बहुधा सुरू होतो, त्यात नीट आलेच नव्हते. चिठ्ठीवर त्या सांध्यांचे नाव आहे का, एवढे तरी नातेवाइकांनी पाहावे. सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी नॉर्मल असूनही सूज असू शकते, आणि वाढलेला सीआरपी आतड्यामुळेही असतो.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काहींचा आतड्याचा आजार भडकतो, म्हणून पोटाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. पुढच्या औषधांतही हेच भान लागते : इटानरसेप्ट पाठीला उपयोगी पडते पण आतड्याला नाही, सेक्युकिनुमॅबने क्रोन्स बिघडू शकतो, तर इन्फ्लिक्सिमॅब व अ‍ॅडालिमुमॅब दोन्हीकडे चालतात, मात्र त्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. प्रत्येक पाठदुखी सुजेचीच असते असे नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांचा मणका ठिसूळ होऊन मोडू शकतो, मणक्याला क्षय होऊ शकतो, आणि ताप, पायांतली कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा जाणे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.