‘रॉमध्ये काढा, बाकी एडिटिंगमध्ये होतं’: उडत्या मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत तरी नाही

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘गिधाड, सारस, बगळा हे मोठे पक्षी संथ उडतात, १/५०० सेकंद शटर पुरे. आयएसओ ४००च्या वर नेऊ नका, फोटो काळपट आला तरी हरकत नाही. रॉ फाइल असली की उजेड, फोकस, अंतर सगळं एडिटिंगमध्ये निस्तरतं.’ यातलं रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा एवढं सांगणं बरोबर आहे.

आधी संथपणाचं बघू. अंग संथ जातं, पंखांची टोकं नाही. पावणेदोन मीटर पंखविस्ताराचा बगळा सेकंदाला दोन-अडीचदा पंख मारतो, तेव्हा टोकाचा सरासरी वेग सेकंदाला पाच-सहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे १/५०० सेकंदात टोक साधारण १२ मिलिमीटर सरकतं. ६००० पिक्सेल रुंदीच्या फ्रेमची अर्धी रुंदी पक्ष्याने व्यापली असेल, तर हा २० पिक्सेलचा फराटा झाला. १/२०००ला तो ५ पिक्सेलवर येतो, १/३२००ला तीनवर. पंख ताणून घिरट्या घालणाऱ्या गिधाडाला १/१२५० चालतं. तेच गिधाड उतरताना पंख फडकावू लागलं की चालत नाही. मुद्दाम १/३०वर पॅनिंग करून (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवून) पंख पुसट ठेवणं हा वेगळा प्रकार, तो हुकलेल्या फोटोचं समर्थन नव्हे.

आयएसओचा (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा त्या आकड्याचा) मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत जास्त उलटा समजलेला. फोटोतला दाणेदारपणा येतो तो मुख्यतः कमी प्रकाशामुळे, आयएसओच्या आकड्यामुळे नाही. शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) तेच ठेवून आयएसओ ३२००ऐवजी ४०० लावला तर सेन्सरवर प्रकाश तेवढाच पडतो. फोटो फक्त तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळा दिसतो आणि नंतर तेवढाच वर ओढावा लागतो. बऱ्याच सेन्सरमध्ये ही ओढाताण केलेली फाइल आयएसओ ३२००च्या फाइलइतकीच दाणेदार निघते. काहींत सावल्यांमध्ये ती जास्त खराब दिसते. आयएसओ कमी ठेवायच्या हट्टापायी शटर उतरवलं, तर दाणे कमी होतात पण पंख फरकटतात. दाणे नंतर बरेच काढता येतात, फराटा जात नाही.

उजळ बाजूला मात्र खरी सीमा आहे. पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर तिन्ही रंगांचे चॅनेल भरून गेले तर पिसांचा तपशील फाइलमध्ये उरतच नाही. म्हणून मॅन्युअल एक्स्पोजर: पक्ष्यावर पडतो त्याच उन्हातल्या पांढऱ्या वस्तूवर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेच्या जरा अलीकडे थांबेल असं ठरवा आणि तसंच ठेवा. पक्षी आकाशासमोरून झाडांसमोर गेला की ऑटो मोड गोंधळतो, पण पक्ष्यावरचं ऊन बदललेलं नसतं. ढगाळ पांढऱ्या आकाशासमोर काळसर गरुड असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सांगतो त्याहून एक ते दोन स्टॉप जास्त द्या. आकाश जळालं तर जळू द्या.

आता फोकस. ५०० मिमी लेन्स, एफ/५.६, पक्षी २० मीटरवर: फुल फ्रेम सेन्सरवर फोकसमधला धारदार पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा. पक्षी कुशीवर वळला की जवळच्या पंखावर फोकस बसतो आणि डोळा पट्ट्याबाहेर जातो. शार्पनिंग फक्त कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवतं. एआय साधनं डोळा ‘दुरुस्त’ करतात तेव्हा पिसं चक्क रचतात. ते चित्र म्हणून ठीक, त्या पक्ष्याची नोंद म्हणून नाही. त्यापेक्षा सलग फोकस मोड, पक्षी ओळखणारी यंत्रणा सुरू, आणि मागे फांद्या असतील तेव्हा लहान फोकस क्षेत्र.

अंतर भरून काढायला केलेल्या क्रॉपचा, म्हणजे फोटो कापून पक्षी मोठा करण्याचा, हिशेब छोटा आहे. २४ मेगापिक्सेलमधून रुंदी-उंची निम्मी केली की ६ उरतात, चौथाई केली की दीड. शिवाय लांबच्या फोटोत तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, पिसं चिखल झाल्यासारखी दिसतात आणि महागडी लेन्सही काही करू शकत नाही. मोठे पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उड्डाण घेतात आणि उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन थांबलात तर ते समोरून येतात. मागे धावून उडवायची गरजच नाही. घरट्याजवळ तर नाहीच.

इलेक्ट्रॉनिक शटरचंही कोणी सांगत नाही: सेन्सरचं वाचन हळू असेल तर वेगात हलणारा पंख वाकडा नोंदला जातो. तिथे मेकॅनिकल शटर लावा.

एडिटिंग निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. क्रम एवढा सांभाळा: आधी रॉवर नॉइज (दाणे) कमी करा, मग एक्स्पोजर, मग पक्ष्यापुरता मास्क घेऊन (तेवढाच भाग निवडून) पोटाखालची सावली थोडी उचला. क्लॅरिटी आणि डिहेझ (कॉन्ट्रास्ट वाढवणारे स्लायडर) आकाशावर पसरू दिलं की गडद पक्ष्याभोवती पांढरी कड उमटते. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर अल्ट दाबून सरकवा; आकाश पूर्ण काळं आणि पिसांच्या कडा पांढऱ्या दिसल्या की थांबा. शेवटचं शार्पनिंग आकार लहान केल्यावरच.