पिल्लांचे फोटो झाले, आता जाळ्याकडे बघूया

काल सकाळी सातला पुळणीवर गेले तेव्हा दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं मोबाइल धरून उभी होती. हॅचरीत, म्हणजे कासवाची अंडी आणून राखतात त्या कुंपणात, कासवमित्र (घरटी राखणारा गावातलाच माणूस) एकेका घरट्यावरची टोपली उचलून बघत होता. पाचव्या टोपलीखाली वाळू खचलेली होती आणि त्या खळग्यात तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. मोजली, एक्केचाळीस भरली. पाण्याच्या अलीकडे ओल्या वाळूवर सोडली आणि ती आपली आपण लाटेच्या दिशेने निघाली. माझ्या शेजारी पुण्याहून आलेली एक छोटी मुलगी होती. तिने आईला विचारलं, "यांची आई कुठे गेली?"

आई म्हणाली, "समुद्रात असेल गं."

असेल. मला मात्र गेल्या श्रावणातलं कासव आठवलं. याच पुळणीवर, सुरूच्या बनासमोर, उधाणाने आणून टाकलेलं. चांगली दोन फुटांची मादी. निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा तिच्या पुढच्या पायाभोवती इतका आवळला होता की खालचं हाड दिसत होतं. ते जाळं कापायला मी घरून कोयती घेऊन गेले. मेलेल्या कासवाचं जाळं कापून काय होणार होतं, पण तसंच टाकून येववेना. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहिते.

आमचं घर मासेमारीचं. बाबा आधी खलाशी आणि मग वीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. मी लहान असताना आमच्याकडे कासवाची अंडी खाल्ली जायची, हे लपवण्यात अर्थ नाही. मादी रात्री येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल सुरईसारखा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, अंगाने वाळू थोपटते आणि परत जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही. सकाळी तिच्या पायांची रांग दिसली की आजी काठी घेऊन निघायची. काठी वाळूत खुपसायची, टोकाला ओल चिकटली की तिथे खणायचं. तीच आजी देवळात गेली की सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नसे. तिला यात काही विसंगत वाटत नव्हतं, कारण कासवं संपतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्रगरुडाच्या घरट्यांच्या कामासाठी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आली आणि त्यांना पुळणीवर अंड्यांची टरफलं दिसली. तिथून संरक्षणाचं काम सुरू झालं. गावातल्याच पोरांना सोबत घेतलं. जो माणूस अंडी शोधण्यात तरबेज, त्यालाच अंडी राखायला ठेवलं. घालून काही तासांच्या आतच अंडी हॅचरीत न्यावी लागतात आणि नेताना वरची बाजू वरच ठेवावी लागते, नाहीतर आतला जीव मरतो. हे आमच्याकडची आठवी शिकलेली पोरं आता झोपेतही सांगतील. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. पुढे आंजर्ले, गुहागर करत हे काम किनाराभर पसरलं. वनविभाग आला, त्याचाच खारफुटी आणि सागरी जीव बघणारा कांदळवन कक्ष आला. माणसं बदलू शकतात हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या घरात पाहिलं आहे. माझा चुलतभाऊ पाच हंगाम कासवमित्र होता, पहाटे तीनला बॅटरी घेऊन निघायचा.

म्हणजे पुळणीवरची लढाई आपण पुष्कळशी जिंकलो. लढाई हरतोय ती पाण्यात.

कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. ट्रॉलरचं जाळं तळाला दोन-दोन, तीन-तीन तास ओढलं जातं. त्यात शिरलेलं कासव वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. समुद्रात राहणारा प्राणी पाण्यात बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. आता साधा हिशोब करा. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. एका घरट्यात शंभरेक अंडी धरली तर दहा घरट्यांमागे एक. दहा घरटी म्हणजे दहा रात्रींची जागरणं, दहा टोपल्या, पन्नास-पन्नास दिवसांची राखण. वर त्या पिल्लाला मादी होऊन परत यायला पंधराएक वर्षं. एवढं सगळं ज्या एका कासवात जमा झालेलं असतं, ते जाळ्यात एका सकाळीत जातं. आपण मात्र बातमी करतो ती 'यंदा इतकी पिल्लं समुद्रात' अशी. जाळ्यात किती गेली हे कोणी मोजत नाही.

असंच एक उदाहरण जरा वरच्या बाजूला रायगडात आहे. म्हसळा तालुक्यात चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत आणि तिथल्या लोकांनी ती जिवापाड जपली आहेत. पण सगळ्या देशात ही गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव गेली ती झाडं तोडली म्हणून नव्हे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. कारण कळायला २००४ उजाडलं, गुरांसाठीच्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. नुसतं घरट्याकडे बघत बसलं असतं तर मरण कुठून येतंय ते कळलंच नसतं.

आता कोणी म्हणेल, मग मच्छीमारांना दंड करा, कायदा आहेच की. आहे. वन्यजीव कायद्यात समुद्री कासव वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. पण समुद्रात रात्री दोन वाजता कायदा म्हणजे तांडेल आणि त्याचे सहा खलाशी. दुसरं कोणी तिथे नसतं. बाबा सांगायचे, कासव आलं की जाळं कापायचं, हात जोडायचे आणि सोडायचं. सगळे तसे नव्हते, आजही नाहीत, पण बरेच आहेत. कासव निपचित पडलं असेल तर लगेच पाण्यात टाकू नये, पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करावी, म्हणजे छातीतलं पाणी उतरतं. अंगावर ओलं गोणपाट घालून सावलीत ठेवायचं. कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी हलतं. हे आमच्या काही बोटींवर करतात. त्यांचा फोटो कधी कुठे छापून आला नाही.

जाळं कापणं म्हणजे पैसे कापणं. सरकारला हे कळलं म्हणूनच डिसेंबर २०१८ मध्ये योजना आली की संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. योजना मनापासून चांगली आहे. ज्यांनी आणली त्यांचे आभारच. पण माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी कासव सोडलं, खलाशाने मोबाइलवर चित्रण केलं, अर्ज केला. चार खेपांनंतर उत्तर मिळालं की चित्रणात अंधार आहे, नीट दिसत नाही. पहाटे साडेचारला समुद्रात उजेड कुठून आणायचा? त्याने पुढचं कासवही सोडलं, पण अर्ज केला नाही. पुढच्या वेळी सोडेल का, हे त्याला विचारायची माझी हिंमत होत नाही.

ट्रॉलच्या जाळ्यात लोखंडी जाळी बसवून वर खिडकी ठेवतात, कासव त्यातून निसटतं, कोळंबी मागे राहते. आपल्या देशात हे बनलेलं आहे, वापर मात्र नगण्य. खिडकीतून मासळी जाईल ही भीती खोटी नाही, थोडी जातेच. पण हे उपकरण नाही म्हणून २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, आणि ते नुकसान बंदरावरच्या प्रत्येकाच्या ताटात आलं. एखाद्या बंदरावर दहा बोटींना ही खिडकीची लोखंडी जाळी फुकट द्या, एक हंगामभर गेलेली मासळी भरून द्या, आणि मग तांडेलांनाच बोलू द्या. आमच्याकडे तांडेल तांडेलाचं ऐकतो, साहेबाचं नाही.

बंगल्यांचे आणि रिसॉर्टचे दिवे, पुळणीवरचे दगडी बंधारे, यावर वेगळं लिहीन. तेही सगळं आहेच.

कासवाच्या मादीचं घर केवढं आहे बघा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला पहिल्यांदा एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरची 'बागेश्री' श्रीलंकेपर्यंत गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात जिच्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती, ती जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून साडेतीन हजार किलोमीटर. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्या वाटेत किती जाळी तिने चुकवली असतील.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होईल, बोटी वर ओढल्या जातील आणि दोन महिने अंगणाअंगणात जाळी विणायला बसतील माणसं. फाटलेली जाळी तेव्हाच खाडीत किंवा पुळणीवर टाकली जातात. यंदा मी आणि आमच्या वाडीतल्या चार बायका घरोघर जाऊन ती गोळा करणार आहोत. शाळेच्या मागची खोली मिळाली आहे. जाळी ठेवायला जागा झाली, पुढे न्यायला गाडी नाही. दापोली-हर्णै भागात कोणाचा टेम्पो रिकामा असेल तर कळवा. आणि अंधारातही स्वच्छ चित्रण होईल असा जुना मोबाइल कोणाकडे पडून असेल तर तोही चालेल, मावसभावाच्या बोटीवर ठेवायचा आहे.