स्क्रॅबल फक्त इंग्लिश मीडियमवाल्यांचा? त्या मेसेजला माझं उत्तर

गेले दोन आठवडे इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: "स्क्रॅबल हा इंग्लिश मीडियमवाल्यांचा खेळ. ज्याला मोठमोठे शब्द येतात तो जिंकतो, बाकी सगळं अक्षरांचं नशीब. पाळी घालवून अक्षरं बदलणं म्हणजे हार मानणं. हिंदी मीडियमच्या मुलांचा वेळ यात घालवू नका."

माझी भाची नववीत आहे, हिंदी मीडियमला. राजेंद्रनगरला आमच्या घरी रविवारी पोहे झाले, जीरावन मसाल्याचे हात धुतले की पट मांडला जातो आणि ती दोन वर्षं नेमाने येते. हा मेसेज वाचून तिचा फोन आला, "मावशी, या रविवारी नाही येत मी." मला फार वाईट वाटलं. म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स पिशवीतून न बघता सात उचलायच्या, पटावर शब्द जोडायचे, प्रत्येक अक्षराचे ठरलेले गुण घ्यायचे आणि लावल्या तेवढ्या पुन्हा उचलायच्या.

आधी इंग्रजीचं बघू. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली आणि खेळायला बसला. २०२४ला स्पॅनिशमध्येही त्याने हेच केलं. यावर कुणी म्हणेल, पाठांतर तरी लागतंच ना? लागतं. पण पाठांतर आणि फाडफाड इंग्रजी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धांमध्ये चाललेल्या कॉलिन्स शब्दकोशाच्या २०१९च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ होते. ज्यांनी तीसपर्यंतचे पाढे घोकलेत त्यांना १२७ शब्द जड नाहीत. शिवाय रोटी, पुरी, दाल, डोसा, धोती, कुर्ता, लाख हे सगळे त्या यादीत आहेत. 'लाख'मध्ये के पाच गुणांचा आणि एच चार गुणांचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला शब्द चांगले गुण देऊन जातो.

मोठ्या शब्दांचा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण खेळाचा गाभाच त्यात निसटतो. आपल्या घरांत रमी सगळ्यांना येते. रमीत आपण काय टाकतो यापेक्षा हातात काय ठेवतो हे बघतो. इथेही तसंच आहे.

आमच्याच पटावरचा एक डाव सांगते. भाचीकडे ए, ई, आर, एस, टी, व्ही, डब्ल्यू ही अक्षरं होती. शेजारच्या काकांनी मागून डोकावून सांगितलं, "वेव्हर्स लाव, सहा अक्षरं जातील." शब्दाचे गुण दुप्पट करणाऱ्या घरावर त्याचे २४ गुण झाले असते आणि हातात उरला असता एकटा टी. तिने पटावरच्या ओला धरून 'व्हाउ' लावला, म्हणजे शपथ. तिचे दुप्पट होऊन झाले १८. काका हळहळले. पण तिने सहा गुण सोडून दोन अवघड अक्षरं एकदम काढली होती आणि ए, ई, आर, एस, टी ही पाच मऊ अक्षरं राखली होती. पिशवीतून ई आणि एन आले. पुढच्या पाळीला तिने 'ईस्टर्न' लावला, त्यातला एस 'व्हाउ'च्या शेपटीला जोडून. 'ईस्टर्न'चे ७, 'व्हाउज'चे १०, सातही अक्षरं एकदम लावल्याचे ५०. गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांचा हिशेब सोडला तरी ६७ होतात. आणि शब्द कुठला? ईस्टर्न रेल्वेतला!

ई आणि एन येणं हे नशीब, मान्य. पण ती पाच अक्षरं हातात असताना कामाला येतील अशा जोड्या पुष्कळ असतात. हाच हिशेब सहा अक्षरांचा करून बघा. टी, आय, एस, ए, एन, ई हातात असू द्या. सातवं डी आलं तर 'इन्स्टेड', जी आलं तर 'सीटिंग', एम आलं तर 'इनमेट्स', के आलं तर 'इनटेक्स', व्ही आलं तर 'नेटिव्हज', आर आलं तर 'रिटेन्स'. वेव्हर्स लावून एकटा टी ठेवला असता तर सहा नवी अक्षरं डोळे झाकून उचलावी लागली असती. म्हणूनच जाणते खेळाडू एस सहज उधळत नाहीत, साधारण आठ-दहा गुण जास्त मिळत असतील तरच तो खर्च करतात, आणि कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या टाइलच्या बाबतीत तर याहून कितीतरी चिकट असतात.

नायजेरियाचा वेलिंग्टन जिगेरे २०१५ साली इंग्रजी स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, आफ्रिकेतला पहिला. त्याच्या देशातले खेळाडू मुद्दाम पाच-पाच अक्षरी शब्दांचा अभ्यास करतात हे तेव्हा खूप गाजलं होतं. लांबीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता नशीब. एका डावात ते असतंच, नाही कशाला म्हणू? दोन्ही कोऱ्या आणि चारही एस समोरच्याकडे गेले तर भलेभले हरतात. पण ही पिशवी म्हणजे लॉटरी नाही. हा खेळ शोधून काढणारे अमेरिकेतले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं. एकूण १०० टाइल्स, त्यात ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच. हे आकडे दोघांनाही माहीत असतात. रिचर्ड्स इंग्रजीत २००७ला मुंबईत विश्वविजेता झाला, मग २०११, २०१३, २०१८ आणि २०१९ला. पाच वेळा एकाच माणसाचं नशीब फळफळत नाही.

अक्षरं बदलण्याला हार म्हणणाऱ्यांनी कधी दोन आय, दोन यू, दोन व्ही आणि एक डब्ल्यू हातात घेऊन बघावं. कसाबसा सहा गुणांचा शब्द लावाल, पुढच्या पाळीला पुन्हा तेच दारिद्र्य. एक पाळी शून्य घेऊन हात साफ केलेला कधीही बरा. रमीत आपण दर पाळीला पान टाकतो, त्याला कुणी हार म्हणत नाही. फक्त पिशवीत सात तरी टाइल्स शिल्लक हव्यात, तेव्हाच बदलता येतं. म्हणून वेळेवर ठरवावं लागतं.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही तो शेवटचा भाग. पिशवी रिकामी झाली की नशीब संपतं. पटावरची आणि स्वतःची अक्षरं शंभरातून वजा केली की समोरच्याकडे काय आहे ते कळतं. भाची पहिल्या पाळीपासून वहीच्या कागदावर अक्षरं लिहून एकेक खोडत असते. मार्चमधला डाव आहे हा. तिच्याकडे चार टाइल्स होत्या आणि ती काकांपेक्षा १४ गुणांनी मागे होती. कागदावर फक्त दोन अक्षरं खोडायची राहिली होती, त्यातलं एक क्यू. क्यू लावायला पटावर एकच जागा होती, एका मोकळ्या आयच्या आधी. 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द काकांना पक्का माहीत होता.

तिला दुसरीकडे १६ गुणांचा शब्द दिसत होता. मी तिच्या शेजारीच बसले होते, मलाही दिसत होता. तिने तो सोडला आणि त्या आयच्या आधी टी ठेवला. 'टी-आय', पाश्चात्य सरगमीतला सातवा सूर, गुण दोन. काकांनी दुसरं अक्षर लावून चार घेतले. तिने उरलेल्या तीन टाइल्स एकदम लावून नऊ घेतले आणि डाव संपला. ती अजून सातने मागेच होती. पण काकांच्या हातात क्यू अडकला होता, त्याचे दहा त्यांचे वजा, दहा हिचे जमा. ती १३ गुणांनी जिंकली.

काका बराच वेळ तो क्यू बोटांत फिरवत पटाकडे बघत होते. मग म्हणाले, "बेटा, तो कागद दाखव जरा. कसा लिहितेस?"