गेटच्या अलीकडे, बेडरूमच्या पलीकडे

सोसायटीसमोरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, नुकताच गुळगुळीत झाला? अभिनंदन. आता त्यावर गतिरोधक घालायची वेळ झाली. पुण्यात चांगला रस्ता फार दिवस चांगला राहिलेला बरा दिसत नाही. एक तर केबलवाले खोदतात, नाहीतर आपण त्याला कुबड आणतो. गेल्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत रातोरात तीन उगवले, शंभर पावलांत तीन, आणि तेही बिनरंगाचे. मग आपणच मागे का राहायचं? ज्यांना आपल्याही दारात एक हवाय, त्यांच्यासाठी या चार सूचना.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करा. "लहान मुलं खेळतात" हे पहिलं वाक्य. मुलं रस्त्यावर का खेळतात असं कोणी विचारणार नाही, कारण सोसायटीच्या मैदानात कोणाकोणाची दुसरी गाडी उभी असते ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पुढे "गाड्या ऐंशी-नव्वदनं जातात" असं ठोका. खरा वेग मोजायच्या फंदात पडू नका. मोजणं सोपंच आहे म्हणा: ५० मीटरवर खडूच्या दोन रेघा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. गाडीनं ते अंतर ६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३०, साडेतीन सेकंदांत कापलं तर ५० च्या थोडा वर. पण मोजलं की धोका असा, की सगळ्यात जोरात जाणारी गाडी बी विंगचीच निघते.

अर्ज रीतसर करू नका. रीतसर केलात तर वाहतूक पोलिसांचा अभिप्राय येणार, स्थळपाहणी होणार आणि कोणीतरी शहाणा म्हणणार की इथे गतिरोधकाची गरजच नाही. त्यापेक्षा माननीय नगरसेवकांकडे जा. "यांच्या अथक प्रयत्नांतून" हा फलक गतिरोधकाच्या आधी लागेल, आणि तो गतिरोधकापेक्षा जास्त टिकेल.

जागा नीट निवडा: गेटच्या अलीकडे, बेडरूमच्या पलीकडे. रिकामा टेम्पो रात्री दोनला उडतो तेव्हा त्याचा फाळका कसा वाजतो, ते तळमजल्यावाल्यांना विचारा. त्यांचा "गतिरोधक काढा" असा अर्ज सहा महिन्यांत येतोच. त्यावरही सह्या त्याच.

आता बांधणी. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९९ नावाची मार्गदर्शिका आहे, १९८८ पासून आहे, २०१८ मध्ये सुधारूनही निघाली. तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका. तिच्यात साध्या गोल गतिरोधकाचं माप दिलंय: गाडी जाते त्या दिशेनं रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. म्हणजे मध्यापासून एक मीटरवर उंची ७ सेंटीमीटर उरते, दीड मीटरवर जेमतेम साडेतीन. लाकडी किंवा लोखंडी फर्मा लावला तर कोणीही मजूर हे माप साधतो. असा उंचवटा ताशी २५ नं आरामात ओलांडता येतो आणि त्याहून जोरात गेलं की आपटतं. म्हणजे जोरात जाणाऱ्याला शिक्षा, बाकीच्यांना नाही. पण यात मजा काय? आपण करायचं असं: डांबरीकरणाच्या डंपरमध्ये तळाला उरलेला माल शेवटच्या फेरीत सोसायटीसमोर ओतून घ्यायचा. डांबर-खडीचा माल टाकताना साधारण १४० अंश गरम हवा आणि ९० च्या खाली उतरायच्या आत रोलर फिरून झालेला हवा. आपला माल तोवर कोमट झालेला. खाली टॅक कोट, म्हणजे चिकटण्यासाठीचा पातळ डांबराचा हात, मारायचा नाही, म्हणजे तो जुन्या रस्त्याला चिकटणार नाही आणि ब्रेकच्या रेट्यानं पुढे सरकत जाईल. रोलर गेलेला असतो, म्हणून फावड्यानं थापायचं आणि वरून वॉचमनच्या देखरेखीखाली इनोव्हा पुढेमागे करायची. तयार होतो तो फूट-दीड फूट रुंद, सहा इंच उंच असा बांध. आता गंमत पाहा. इतक्या अरुंद बांधावरून हळू गेलं की पुढचं चाक चढतं, उतरतं, मग मागचं चढतं, उतरतं, आणि मणका मोजून मिळतो. तोच भरधाव गेलं तर चाक वर-खाली व्हायला वेळच मिळत नाही, बराचसा धक्का टायर आणि सस्पेन्शन गिळतात आणि एसयूव्हीतल्या माणसाच्या हातातली कॉफीसुद्धा सांडत नाही. म्हणजे जोरात जाणारा सुखी आणि हळू जाणारा आडवा! गतिरोधक म्हणतात याला? हळू जाणाऱ्यांत कोण असतं? डबलसीट जाणारे आजी-आजोबा. रिक्षात बसलेली गरोदर बाई. रुग्णवाहिकेत फ्रॅक्चर घेऊन पडलेला पेशंट. पीएमपीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसलेला कामगार. ती सीट मागच्या चाकाच्याही मागे असते, त्यामुळे तिथला झोका सगळ्यात मोठा, आणि तो माणूस टपाला डोकं लावून येतो. सहा इंच म्हणजे १५ सेंटीमीटर. बहुतेक साध्या गाड्यांच्या पोटाखाली, माणसं बसल्यावर, तेवढीही जागा उरत नाही. तो खर्र आवाज येतो ना सकाळी, तो गाडीच्या ऑइल चेंबरचा.

रंग मारू नका. दिसला तर लोक वेग कमी करतील.

पाणी जायला कडेला फट ठेवायची की नाही, हा मात्र पेच आहे. ठेवली तर सगळ्या दुचाक्या तिच्यातून नागासारख्या जातात, आणि तेही थेट पायी चालणाऱ्याच्या अंगावरून. नाही ठेवली तर उताराचं पाणी वरच्या अंगाला तुंबतं, डांबर सुटतं आणि जुलैच्या अखेरीला गतिरोधकाला खड्डा जोडून फुकट मिळतो.

डांबर नको असेल तर पिवळ्या-काळ्या रबराचे तुकडे घ्या. वर्षभरात तुकडे उडतात, बोल्ट तेवढे रस्त्यात उभे राहतात. पंक्चरवाल्याशी आधी बोलून ठेवा.

गेटसमोर सिमेंटची कुंडी ठेवा. शक्यतो तुळस. कोणाची हलवायची हिंमत होत नाही.

वार्षिक सभेत एखादा वास्तुविशारद उठून दुसरे उपाय सांगेल. क्रॉसिंगच उचलून फुटपाथच्या पातळीला आणा, म्हणजे वर तीन-चार मीटरचा सपाट कट्टा आणि दोन्ही बाजूंना उतार. गाडीही मंदावते, व्हीलचेअरही सरळ पलीकडे जाते. कोपऱ्यावरचा फुटपाथ पुढे काढा, म्हणजे वळणारी गाडी आपोआप हळू होईल आणि ओलांडायचं अंतर घटेल. लेन तीन मीटरची करा, कारण मोकळा रुंद रस्ता दिसला की उजवा पाय आपसूक खाली जातो. सगळं ऐकून घ्या. मग एकच प्रश्न विचारा: "यात पार्किंग किती जाणार?" चार गाड्यांचं, असं तो म्हणाला की सभा संपली. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, त्यावर तुम्हीच सेल्फी काढलेत, पण आपल्या गल्लीत नको.

आता पुरे झाला उपरोध. सरळ सांगतो.

तुम्हाला रस्ता शांत करायचाच नाहीये. तुम्हाला दुसऱ्याला आपटवायचंय आणि स्वतःची गाडी फुकट लावायचीय. वेग ५० वरून ३० वर आला, तर समोर पोर आल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर कोरड्या रस्त्यावर २८ मीटरवरून १३ वर येतं. हे कळत असूनही तुम्ही चार पार्किंगसाठी हात वर करता, आणि मग अंधारात बिनरंगाचा बांध घालून त्याला सुरक्षा म्हणता? रात्री पावसात त्यावरून पहिला कोण पडतो? बहुतेक वेळा दुचाकीवर मागे बसलेली बाई, आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलंय. मानकं न पाळता केलेल्या कामामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. ज्यांच्या सह्या, त्यांना काहीच नाही. म्हणून तुमचं हे धाडस.

अर्ज करा, पण रीतसर करा, आणि सोबत मोजलेले वेग जोडा. ३.७ मीटर आणि १० सेंटीमीटर हे आकडे लिहूनच द्या. काम होईल त्या दिवशी टेप घेऊन समोर उभे राहा. आधी ४० मीटरवर फलक मागा. पट्टे काचेचे मणी मिसळलेल्या थर्मोप्लास्टिकचे मागा, साधा ऑइलपेंट एका पावसाळ्यात जातो. फर्मा नसेल तर डंपर परत पाठवा.

आणि ती कुंडी आत घ्या. तुळस वाळलीय कधीची.