जनरल महोन आणि पुतळ्याची पोस्ट

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण लढाईच्या, पुतळ्यांचा वाद निघाला की एक पोस्ट हमखास फिरते: ‘दक्षिणेच्या जनरल विल्यम महोनने कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला, म्हणून त्याचं स्मारकच झालं नाही. यावरून कळतं, ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच.’

स्मारक आहे. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला, क्रेटरच्या (सुरुंगाने पडलेल्या खड्ड्याच्या) रणभूमीवर, 1927 सालचा दगड. त्यावर सेनापतीच्या शौर्याचे गोडवे आहेत. नंतर सिनेटर झालेल्या महोनबद्दल अक्षर नाही. पोस्टवाल्यांनी हे अर्धवट स्मरण पकडलं असतं तर मुद्दा तरी होता.

त्या शौर्याचंही बघू. 30 जुलै 1864 ला महोनच्या डिव्हिजनने प्रतिहल्ला केला, तेव्हा शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचीही कत्तल झाली. युद्धाआधी हा रेल्वे इंजिनिअर स्वतः गुलाम बाळगून होता. आणि युद्ध कशासाठी? व्हर्जिनियाच्या 1861 च्या, देशातून फुटून निघण्याच्या ठरावातच ‘गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणी राज्यां’वरच्या जुलमाची तक्रार आहे. महोनने पुढे काय केलं, याने ते शब्द पुसले जात नाहीत.

मताधिकार त्याने दिला नाही. तो 1867 मध्ये संसदेच्या पुनर्रचना कायद्यांनी आला आणि 1870 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने पक्का झाला. पुढे व्हर्जिनियाने मतदानाआधी डोईपट्टी भरायची अट घातली. गरिबाने एवढ्यासाठी पैसे कुठून काढायचे? ही डोईपट्टी महोनच्या रीअॅडजस्टर (म्हणजे राज्याचं कर्ज नव्याने ठरवू पाहणाऱ्या) पक्षाने उठवली. चाबकाचे फटके मारण्याची शिक्षाही बंद केली, आणि 1882 मध्ये पीटर्सबर्गला कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी कॉलेज काढलं. हे कमी नाही.

पण पक्ष उभा राहिला तो कर्जाच्या प्रश्नावर. राज्याचं युद्धापूर्वीचं कर्ज आणि व्याज मिळून बोजा साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेला होता, सावकारांचं व्याज भागवताना शाळा बंद पडत होत्या. कर्ज कापायचं तर मतं हवीत, आणि कृष्णवर्णीयांची मतं हिशेबात धरल्याशिवाय बहुमत जमत नव्हतं. मला यात महोन लहान होत नाही असं वाटतं; पण त्याला समतेचा संत म्हणणं जरा जास्तच झालं.

उलट टोकाचे म्हणतात, महोनने सगळं केलं ते स्वतःच्या रेल्वेसाठी. त्याची रेल्वे तर 1876 मध्येच रिसिव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात गेली होती. पक्ष निघाला 1879 मध्ये. सत्तेची हाव होती, ती लपवण्याचं कारण नाही.

नोव्हेंबर 1883 मध्ये, मतदानाच्या तीन दिवस आधी व्हर्जिनियातल्याच डॅनव्हिलला कृष्णवर्णीयांवर गोळ्या चालल्या आणि पक्ष विधिमंडळ हरला. 1902 च्या राज्यघटनेने डोईपट्टी परत आणली.